ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये कर्जत-लोणावळा घाट करायचाय, एचओ घेऊ की एन?

पळसदरी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायलाच बसले. ठाण्यात टू बीएचके आहे, हॉलच्या एका भिंतीला दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी ठोकायला घरच्यांनी हो म्हटलंय (जरा लावून धरलं तर अडीच फूट होतील). त्यावर मला मॉडेल रेल्वे करायचीय, आणि ती कुठलीही नको, कर्जत ते लोणावळा घाटच हवा. बाबा रेल्वेत होते, माझं लहानपण कर्जतच्या क्वार्टर्समध्ये गेलं, गाडी आली की मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागायचे तो दणका, ठाकूरवाडीचा हॉल्ट, मंकी हिलला पावसात समोरचं काही दिसायचं नाही ते, हे सगळं मला परत बघायचंय, स्वतःच्या हाताने केलेलं.

आता अडलंय कुठे ते सांगते. युट्यूबवर बघावं तर सगळे अमेरिका नाहीतर जर्मनी. कोणी म्हणतं एचओ घे (एचओ आणि एन ही मॉडेलची मापं, एन त्यातलं लहान), सामान जास्त मिळतं, कोणी म्हणतं फ्लॅटमध्ये एनशिवाय पर्याय नाही. आपली इंजिनं, आपले जुने निळे डबे रेडिमेड मिळतात का हेही कळत नाही. सुरुवातीला पंधरा-वीस हजार घालू शकते, नंतर हळूहळू. मुलगी नववीत आहे, तिला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड आहे म्हणून वायरिंग तिच्याकडे.

आणि एक वेगळंच. आजोबांची एक पत्र्याची चावीची गाडी माळ्यावरून निघालीये, इंजिन, दोन डबे, थोडे रूळ. खाली हॉर्नबी लिहिलंय. काही ठिकाणी रंग उडालाय, गंज आहे. रंगवून मुलीला चालवायला देऊ का?

---

सांधेवाला:

ताई, विषय बघूनच बसलो लिहायला. आधी एक सांगतो, स्केल शेवटी ठरवायचं असतं, आधी ठरवायचं की त्या फळीसमोर उभं राहिल्यावर नेमकं काय दिसायला हवं. तुम्हाला लांब गाडी डोंगरातून वळणं घेत जाताना, मागे बँकर, बोगद्यात शिरून दुसरीकडून बाहेर येताना बघायचीय. मग हिशेब करू.

आपला जुना निळा डबा (आयसीएफ) साधारण २१.३ मीटरचा. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, म्हणजे डबा झाला साडेचोवीस सेंटिमीटर. पूर्वीच्या डेक्कन क्वीनचे सतरा डबे लावले तर जवळपास सव्वाचार मीटर, तुमची अख्खी भिंत तीन मीटर पाच सेंटिमीटर. बरं, सहाच डबे लावू म्हटलं तरी वळणाचं काय? डब्याच्या लांबीच्या निदान अडीच-तीन पट त्रिज्या असावी हा सगळीकडे वापरला जाणारा ठोकताळा आहे, म्हणजे एचओमध्ये साठ ते त्र्याहत्तर सेंटिमीटर त्रिज्या, म्हणजे गाडी वळून परत यायला सव्वा-दीड मीटर रुंदी. दोन फुटात विषयच संपला. एचओमध्ये तुम्ही सरळ रुळांचं छोटं यार्ड करू शकता, घाट नाही.

एन म्हणजे १:१६०, डबा १३.३ सेंटिमीटर. काटो या जपानी कंपनीचा २८२ मिलिमीटर त्रिज्येचा रूळ मिळतो, त्याचं अर्धवर्तुळ रूळ धरून जेमतेम साठ सेंटिमीटरच्या आत बसतं, म्हणजे तुमच्या दोन फुटात. डबे त्या वळणावर बाहेर लोंबलेले दिसतात हे खरं, पण ती दोन्ही टोकाची वळणं डोंगराच्या आत घाला, बोगद्याची तोंडं करा, दिसायलाच नकोत. समोर दिसेल तो फक्त लांब, किंचित वळणारा पट्टा. आठ डब्यांची गाडी एक मीटरच्या आसपास होते आणि डोळ्यांना पूर्ण गाडी वाटते. अडीच फूट मिळाले तर भांडून घ्या, मागे लपवलेल्या दोन लाइन बसतील तिथे दुसरी गाडी उभी ठेवता येते.

आता चढ. भोर घाट १:३७ आहे, सदतीस मीटर गेलं की एक मीटर चढ. तुमच्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच चढ दिला तर मिळतात आठ सेंटिमीटर. तेवढ्याने घाट वाटत नाही आणि इंजिन मात्र घसरतं. म्हणून रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली घ्या. अख्खी फळी न टाकता नुसती चौकट करा, रूळ जिथून जातो तेवढीच पट्टी, आणि तिच्यापुढे दरी वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली उतरवा, मागे कडा वर चढवा. प्रवासात आपल्याला घाट जाणवतो तो खिडकीखाली जमीन नसते म्हणून. हे एक केलंत की अर्धं काम झालं.

रेडिमेडबद्दल: आपली इंजिनं आणि डबे कुठलीच मोठी कंपनी नेहमीच्या मालासारखे बनवून विकत नाही. लोक काय करतात, थ्रीडी प्रिंटचं वरचं खोकं आणि खाली परदेशी चासी, म्हणजे मोटर-चाकांचा तयार सांगाडा. घाटातलं विजेचं इंजिन डब्ल्यूसीजी-२, चित्तरंजनच्या कारखान्याची, सहा अॅक्सलची, तिच्यासाठी एनमध्ये अमेरिकन सहा अॅक्सलच्या डिझेलची चासी बरी पडते. बोगीचं माप तंतोतंत जुळणार नाही पण बाजूच्या पट्ट्या प्रिंट करून लावल्या की भागतं. दोन्ही इंजिनांना, पुढच्या आणि बँकरला, एकाच मॉडेलची चासी घ्या म्हणजे वेग आपोआप जुळेल.

आणि मागून ढकलायचंय तर डबे हलके नकोत, हलका डबा वळणावर दोन इंजिनांच्या मध्ये सापडला की उडून बाहेर. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने वजनाचं सूत्र दिलंय, एनसाठी अर्धा औंस अधिक डब्याच्या प्रत्येक इंचाला ०.१५ औंस. आपल्या डब्याला ते छत्तीस ग्रॅमच्या आसपास येतं. प्रिंट केलेला डबा त्याच्यापेक्षा बराच हलका भरतो, आत वजन चिकटवायचं आणि ते खाली तळाला, छताला नाही.

एक इशारा, जपानहून कंट्रोलर मागवला तर तो १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या प्लगमध्ये सरळ लावला की गेला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर तरी घ्या नाहीतर नुसते रूळ-इंजिन मागवा आणि १२ व्होल्ट डीसीचा कंट्रोलर इथेच करा.

---

वऱ्हाडी गाडी:

सांधेवाला दादांनी रुळाच्या रुंदीचं सांगितलं नाही ते मी सांगतो, कारण आपल्याकडे काम करणाऱ्याला हे टोचत राहतं. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटर, तो जगातल्या १४३५ मिमीच्या रुळाचा आहे. आपला ब्रॉडगेज १६७६. १:८७ मध्ये तो १९.३ मिमी व्हायला पाहिजे. एनचा रूळ ९ मिमी, आपल्याला पाहिजे साडेदहा. म्हणजे रेडिमेड रुळावर आपला रुंद डबा उभा केला की पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो, समोरून. बाजूने नाही दिसत, आणि तुमची गाडी बाजूनेच बघायची आहे, तर ताई हे सोडून द्या मनातून.

पण ज्याला सोडवत नाही त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, सगळं स्वतःच प्रिंट करणार असाल तर १:१०० घ्या, त्यात १६.५ मिमीचा साधा एचओ रूळ १६५० मिमी होतो, म्हणजे आपला ब्रॉडगेज जवळपास बरोब्बर! आणि आर्किटेक्ट लोकांची मॉडेलं १:१०० मध्ये असतात त्यामुळे माणसं, झाडं, गाड्या त्या स्टेशनरीवाल्यांकडे मिळतात. फक्त डबा एकवीस सेंटिमीटरचा होतो, तुमच्या फळीला चालणार नाही, पण कुणाकडे गच्चीवरची खोली असेल तर विचार करा.

दुसरी वाट म्हणजे नॅरोगेज, आणि इथे माझा जीव आहे. आमची शकुंतला, मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर, रूळ ७६२ मिमी. ७६२ ला ८७ ने भागा, ८.७६ येतात. एनचा ९ मिमीचा रूळ घेतला आणि त्यावर एचओच्या मापाची गाडी चालवली की कुठेही खोटं नाही! बार्शी लाइटचाही तोच गेज, एव्हरार्ड कॅलथ्रॉपची, १८९७ ला सुरू झाली. वळणं आवळ, गाडी चार डब्यांची, मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत आमची गाडी ओढत होतं. कापसाच्या गाठी, बाभळी, गार्ड उतरून स्वतः फाटक लावतोय, दोन फुटात अख्खं स्टेशन होतं. माणसं, बैलगाड्या एचओच्या मापाच्या म्हणजे हाताने रंगवता येतील एवढ्या मोठ्या. मी तेच केलंय, मूर्तिजापूरचं यार्ड. माथेरान करायचं असेल तर ते ६१० मिमी, त्याला १:७६ च्या मापात ९ मिमीचा रूळ जवळचा पडतो.

तुमचा घाटावर जीव आहे म्हणून आग्रह नाही करत, पण पहिलं काम म्हणून तीन फुटी फळीवर एक छोटं नॅरोगेज स्टेशन करून बघा, रूळ टाकणं, वायरिंग, खडी सगळा हात बसतो आणि तेच रूळ पुढे घाटाला वापरता येतात.

---

पळसदरी:

बापरे, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप आभार दोघांचे. दरी खाली उतरवायची हे तर डोक्यातच आलं नव्हतं. एन नक्की. मुलगी विचारतेय डीसीसी (एकाच रुळावर प्रत्येक इंजिन वेगळं हाकायची पद्धत) लगेच घ्यायचं का साधं डीसी? आणि डोंगर कशाचा करायचा, थर्माकोल चालेल का? गाडीचं कोणीच बोललं नाही, आजोबांच्या.

---

नेकारकाठ:

आजोबांच्या गाडीसाठीच लॉगिन केलं. ताई, कृपया रंगवू नका. ब्रश आणि पॉलिश दोन्ही बाजूला ठेवा आधी.

मी स्टुटगार्टजवळ राहतो, मॉडेल गाड्या बनवणाऱ्या मेर्कलिन कंपनीचं गाव गोपिंगन इथून अर्ध्या-पाऊण तासावर, दर काही आठवड्यांनी जुन्या खेळण्यांचा बाजार असतो त्यात फिरतो. जुनी पत्र्याची गाडी विकत घेणारा माणूस पहिलं काय बघतो तर मूळ रंग. मूळ रंग चाळीस टक्के उडालेला असेल तरी तो नव्या चकचकीत रंगापेक्षा वरचा. तुम्हाला विकायची नाही हे समजतंय, तरी पण त्या पत्र्यावर आजोबांच्या हातची झीज आहे, ती नव्या रंगाखाली गेली की गेली.

ही चावीची हॉर्नबी म्हणजे बहुतेक ओ गेज, रूळ ३२ मिलिमीटर, मोजून बघा. फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये या गाड्या काढल्या, लिव्हरपूलला बिन्स रोडवर कारखाना होता. काय करायचं ते सांगतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, पाणी अजिबात लावू नका, साबण तर नाहीच, छापील रंग निघून येतो. जिथे पत्रा उघडा पडून गंजलाय तिथेच कापसाच्या बोळ्याने शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात, रंगाच्या कडेपर्यंत, रंगावर नको. चावी लगेच पूर्ण पिळू नका. वर्षानुवर्षं पडून स्प्रिंगवरचं तेल चिकट होतं, आधी गिअरच्या दांड्यांना सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल, दिवसभर ठेवा, मग दोन-तीन वेढे देऊन हातात धरूनच सोडा.

आणि चाकं नीट बघा, भिंगाने. युद्धाआधीच्या काळातली ओतीव चाकं जस्ताच्या मिश्रधातूची असायची, त्यात शिसं वगैरे भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, बारीक भेगा पडतात, मग तुकडे. ते सुरू झालं की थांबवता येत नाही. भेगा दिसल्या तर गाडी चालवू नका, नवी चाकं तयार करून विकणारे लोक इंग्लंडमध्ये आहेत, ती बसवा आणि जुनी पुडीत घालून गाडीबरोबरच ठेवा. डबा किंवा खोका सापडला असेल, फाटका असला तरी, टाकू नका. ठाण्याची हवा दमट, तर काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

आधी चाकं तपासा, ती ठीक असतील तर मुलीला जरूर चालवू द्या, गालिच्यावर नाही, रुळावर. ती चालण्यासाठीच बनलीये.

अजून एक, इथून कुणी नातेवाईक स्वस्तात जुनं मेर्कलिन एचओ आणतो म्हणाला तर आधी विचारा. मेर्कलिन तीन रुळांच्या पद्धतीवर चालतं, मधे खिळ्यांची ओळ असते ती तिसरा रूळ, आणि चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. ती गाडी साध्या दोन रुळी लाइनवर ठेवली की सरळ शॉर्ट.

---

कोकणपाऊस:

डोंगर आणि पाऊस हे दोन विषय माझे.

थर्माकोल चालतो पण कापताना गोळ्या उडतात, त्या रुळात, गिअरमध्ये, सगळीकडे जातात. त्याऐवजी इन्सुलेशनचे घट्ट फोम शीट मिळतात, गुलाबी-निळे, ते घ्या. आणि आता महत्त्वाचं, सह्याद्रीचा दगड आडव्या थरांचा आहे. लाव्हाचे थरावर थर साचून झालेला काळा बेसाल्ट, कडा, मग थोडी उतरती हिरवळ, परत कडा, पायऱ्या पायऱ्यांनी. परदेशी व्हिडिओत प्लास्टरचे जे खडक ओततात ते आल्प्स नाहीतर रॉकीजचे, उभे, टोकदार, करडे. ते लावलेत तर गाडी आपली आणि डोंगर परका होईल. फोमचे शीट आडवेच एकावर एक चिकटवा, कड्याच्या जागी ब्लेडने तोडून खरखरीत करा, उताराच्या जागी तासा. शीटचे जोड हेच तुमचे थर. मग पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात, वर काळा, त्यावर कोरड्या ब्रशने राखाडी आणि जरासा गंजकट तपकिरी. चिऱ्याचा लालभडक रंग घाटात घालू नका, तो खाली कोकणात नाहीतर वर माथेरानच्या पठारावर.

मुलीने दिवाळीत किल्ला केला असेलच कधीतरी, तो सगळा हात इथे उपयोगी येतो. गवताला सुतळीचे बारीक तुकडे रंगवून, झुडपांना लाकडाचा भुसा. ऋतू एकच ठरवा. आषाढातला घाट करायचा तर हिरवा ओला, कड्यांवरून धबधबे; मे महिन्यातला तर सगळं वाळलेलं पिवळं. अर्धं अर्धं केलं की कुठलाच वाटत नाही. तुम्ही मंकी हिलच्या धुक्याचं लिहिलंय म्हणजे पावसाळाच.

खडी विकत आणू नका. बांधकामाच्या ठिकाणची बारीक कच चाळा, चहाच्या गाळणीतून पडते ती एनसाठी बरोबर. पण आधी त्यातून चुंबक फिरवा, दोन-तीनदा. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, ते कण इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात आणि मोटर जाते. मग पातळ फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ड्रॉपरने.

पाऊस: साधा प्लाय वापरलात तर पहिल्याच जुलैत रूळ वरखाली होईल. बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लायच, आणि कापलेल्या कडांनाही वॉर्निश. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, पितळेचे स्वस्त मिळाले तरी नको, दमट हवेत त्यावर काळा थर चढतो आणि गाडी अडखळत चालते. पॉलिश पेपरने रूळ घासू नका, ओरखड्यात घाण जास्त बसते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड.

---

सांधेवाला:

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आत्ता साधं डीसी, दोन इंजिनं एकाच चासीची असल्यावर बँकर तसाच चालेल. पण वायरिंग पहिल्या दिवसापासून डीसीसीला चालेल असं करा: फळीखाली जाड वायरची एक जोडी टोकापासून टोकापर्यंत, आणि दर मीटरला तिच्यातून रुळाला बारीक वायर. फिशप्लेटच्या (रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) भरवशावर करंट सोडायचा नाही, दमट हवेत त्या सगळ्यात आधी दगा देतात. नंतर अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर आणि मोटर शील्डवर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर चढवा, फुकट आणि ओपन सोर्स आहे, तुमच्या मुलीच्या वयाची मुलं करतात, सामान लॅमिंग्टन रोडला मिळेल. मग बँकर खरोखर वेगळा हाकता येईल, कर्जतला मागून लागेल, लोणावळ्याला सुटेल.

पैसे असे लावा: आधी रूळ, मग एक चांगली चासी, उरले तर प्लाय. डब्यांची घाई नको. आणि खरेदीच्या आधी एक रविवार पुण्याला या, कर्वे रोडवरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, १९९८ पासून आहे. ते एचओ आहे आणि घाट नाही, पण सिग्नल, सांधे, गाड्या एकमेकींना वाट देतात ते मुलीला समोर बघू दे.

---

पळसदरी:

चाकं भिंगाने बघितली, भेगा नाहीत! रूळ ३२ मिमीच भरला. तेल घालून ठेवलंय.

पुण्याला येतोच. अडीच फुटांचं आज रात्री जेवताना काढणार आहे. फळी किती उंचीवर ठोकू?

---

कोकणपाऊस:

खुर्चीत बसल्यावर डोळे रुळाच्या जरा वर येतील एवढ्या. टेबलाच्या उंचीवर ठेवलीत तर गाडीची छतंच दिसतात. दरी पंचवीस सेंटिमीटर खाली जाणार आहे ती धरून ब्रॅकेट लावा, आणि भिंतीला पाऊस झिरपत असेल तर आधी त्याचं बघा.